सकाळची वाटी

गुळूप.

बाथरूमच्या जाळीतून तुंबलेलं पाणी एकदाचं खाली उतरलं आणि त्या आवाजाने सकाळची शांतता मोडली. घरात तो आवाज आता सगळ्यांना पाठ झाला होता. सासूबाईंनी वर्तमानपत्रातून मान वर न करता एक उसासा सोडला. नवऱ्याचा बुटाची नाडी बांधणारा हात थांबला. "आजही?" त्याने विचारलं. आत बाथरूममध्ये त्याची बायको उभी होती. तिच्या मुठीत जाळीवरून खरवडून काढलेला केसांचा ओला गोळा होता, आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकावा की नवऱ्याच्या दुसऱ्या बुटात, याचा ती विचार करत होती.

तसा नवऱ्याचा काही दोष नव्हता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या पोकळीत लोंबकळून संध्याकाळी तेलकट हातांनी घरी यायचा आणि भातात केस निघाला तर काही न बोलता ताटाच्या कडेला ठेवायचा. तिला त्याचाच जास्त संताप यायचा. ओरडला असता तर उलटून बोलता तरी आलं असतं.

केस कुठे नव्हते? उशीवर, टॉवेलवर, छोटीच्या दप्तरात. परवा एक सासूबाईंच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला सापडला आणि त्या म्हणाल्या, "हा माझा नाही हं. माझे पांढरे आहेत." छोटी तेवढी खूश होती. ती पाच वर्षांची. कंगव्यातून निघालेल्या केसांचं ती एका खोक्यात मांजरीसाठी अंथरूण करत होती. मांजर घरात नव्हती. पण या वेगाने अंथरूण आधी पुरं होणार आणि मांजर आणावी लागणार, अशी लक्षणं होती.

केस गळायला लागले की आपल्याला नातेवाईक किती आहेत ते कळतं. एरवी वाढदिवस विसरणारी माणसंही या कामी धावून येतात.

झालं असं होतं, की थंडीत तिला जोराचा ताप आला. बरी झाली, पण अंगात त्राण राहिलं नाही. तेव्हा तिच्या आईने फोनवरून हुकूम सोडला, "बाळंतपणानंतर हाडं पोकळ होतात. कॅल्शियम सुरू कर. मी कोणाला विचारून घेतलं होतं का? घेतलं आणि झाले ठणठणीत." छोटीच्या जन्माला पाच वर्षं होऊन गेली, हे आईच्या गावीही नव्हतं. नवऱ्याने औषधाच्या दुकानातून आयर्नच्या गोळ्या आणल्या, कारण ती "पांढरीफटक दिसते." सासूबाईंनी दुधात घालायला प्रोटीनची पावडर आणली. डब्यावर दंड फुगवलेला एक माणूस होता. तो पाहून ती म्हणाली, "आई, मला असं व्हायचं नाहीये." सासूबाई म्हणाल्या, "होत नाहीस तू. काळजी करू नकोस."

पुढे केस गळायला लागले, तेव्हा नणंद आली. ती प्रेमळ होती, उत्साही होती आणि रिकाम्या हाताने कधी येत नसे. तिने बायोटिनच्या चघळायच्या गोड गोळ्यांची बाटली आणली. "वहिनी, केसांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. माझी एक मैत्रीण घेते. तिचे केस बघशील तर बघतच राहशील."

कोणालाही "नको" म्हणणं तिला जमलं नाही. आपल्यापैकी किती जणांना जमतं? प्रेमाने पुढे केलेला हात मागे कसा ढकलायचा, हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

या सगळ्यात एक गोळी मात्र जुनी होती. थायरॉइडची. छोटीच्या वेळी दुखणं निघालं, तेव्हा डॉक्टरांनी ती लिहून दिली होती. लहानशी, पांढरी, कसलीही चव नसलेली. जाहिरात नाही, बाटली रंगीत नाही. तिच्याबद्दल घरात कोणी चार चांगले शब्द बोलत नसे.

आता तिच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोम तिथेच होती. ती कपाटं, टेबलं बनवणाऱ्या कारखान्यात पाकिटं भरायची. तुम्ही सुटे भाग जोडायचं कपाट विकत घेतलंत, की त्यात एक लहान पाकीट येतं. स्क्रू, बिजागऱ्या, लाकडी खुंट्या, वाकडी किल्ली. एका कपाटाला जे जे लागेल ते सगळं त्या एका पाकिटात. एक खुंटी कमी पडली, की घरी जमिनीवर पसरून बसलेला माणूस कारखान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. तिच्या पाकिटात असं कधी होत नसे. नव्या मुलींना शिकवायला सुपरवायझर तिलाच पुढे करत.

घरीही तिने तेच केलं. एवढ्या गोळ्या, प्रत्येकीची वेळ कोण सांभाळणार? सकाळी छोटीची शाळा, नवऱ्याचा डबा, स्वतःची बस. म्हणून ती रात्रीच एका स्टीलच्या वाटीत सगळं काढून ठेवायची. थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, आयर्न, दोन गोड गोळ्या. सकाळी उठलं, की गोड गोळ्या चघळायच्या आणि बाकीची वाटी प्रोटीनच्या दुधाबरोबर एका घोटात रिकामी करायची. पाकीट पूर्ण. एकही खुंटी कमी नाही. तिला या व्यवस्थेचा अभिमान होता. आणि केस अधिकच गळत होते.

नेहमीच्या डॉक्टरांकडे ती जाऊन आली होती. त्यांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली. रिपोर्ट बघून ते म्हणाले, "अगदी व्यवस्थित आहे. आणखी काही औषधं चालू आहेत?"

"नाही," ती म्हणाली.

खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. औषध म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं. घरच्यांनी दिलेलं ते औषध कसं असेल? ती तर माया. मायेचा उल्लेख डॉक्टरांपुढे कोण करतं?

मग कामावर चूक झाली. एका पाकिटात बिजागरी कमी निघाली, दुसऱ्यात स्क्रू जास्त आणि तिसऱ्यात लांब काळा केस. तिला हल्ली सारखी झोप यायची, बोटं जड झाली होती, मोजता मोजता मन कुठेतरी जायचं. सुपरवायझरांनी तिला बाजूला घेतलं. "तुमच्याबद्दल मला वरून ऐकावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं," ते म्हणाले. "काही दिवस खोकी घडी करायच्या टेबलावर बसा. तब्येत सुधारली तर बघू. नाहीतर मला त्या जागेवर दुसरी बाई कायमची बसवावी लागेल."

खोकी घडी करताना शेजारी होती ती "रेडिओ". हे नाव तिला सगळ्या कारखान्याने एकमताने दिलं होतं.

"तू रोज एक गोळी घेतेस ना? डॉक्टरची?" रेडिओने विचारलं.

"थायरॉइडची. का?"

"तीच गं. रोजची गोळी म्हणजे रोजचं विष. बाकी सगळं तुझं नैसर्गिक आहे, त्याने काय होणार? ती बंद कर. माझ्या मावशीने बीपीची बंद केली."

"मग?"

"मग काय? केस आले की."

"आणि बीपी?"

रेडिओने खोक्याची कड जरा जोरात दाबली. "ते वेगळं. तिला नंतर ॲडमिट करावं लागलं. पण केस छान होते."

हसू यायला हवं होतं. पण माणूस कंटाळला, की वेडगळ सल्लाही शहाणा वाटू लागतो. घरी सासूबाईंचंही तेच मत पडलं, आईने फोनवर दुजोरा दिला. तिने ठरवलं, सोमवारपासून ती पांढरी गोळी बंद. मात्र त्याआधी केसांच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, ती वाया कशाला घालवायची? सासूबाई म्हणाल्या, "मीही येते. तुला बोलता येत नाही. त्यांच्याच तोंडून वदवून घेऊ, की गोळी बंद करा म्हणून."

डॉक्टरबाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांचे स्वतःचे केस विरळ होते आणि ते लपवायचा त्यांनी काहीही प्रयत्न केलेला नव्हता. सासूबाईंनी सुनेच्या कानात कुजबुज केली, "हिचेच नाहीत, ही तुझे काय आणणार?"

"ऐकू येतं मला," डॉक्टरबाई फाइल वाचत म्हणाल्या. "बसा. स्वेटर का घातलाय?"

"थंडी वाजते."

पंखा फिरत होता, सासूबाई रुमालाने मान पुसत होत्या. डॉक्टरबाईंनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता, कोपराची कातडी खरखरीत. त्यांनी भुवयांची बाहेरची टोकं बघितली, मान चाचपली, आवाज असा बसलेला कधीपासून आहे ते विचारलं. मग रिपोर्ट पुन्हा उचलला.

"हा कागद म्हणतो तुमचं थायरॉइड छान आहे. तुमचा हात म्हणतो, नाही. दोघांपैकी एकजण चुकतोय, आणि हात सहसा चुकत नाही. आणखी काय घेता?"

"काहीच नाही."

"असं नको. सकाळी डोळे उघडल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा. औषध असो, नसो, कोणी का दिलं असेना."

तिने सांगितलं. जरा अभिमानानेच सांगितलं. वाटी, दूध, एक घोट. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटले.

"सगळं एकत्र?"

"हो. म्हणजे काही राहून जात नाही."

"राहून काहीच जात नाही, बाई. नेमकी कामाची गोळी मात्र वाया जाते. कॅल्शियम आणि आयर्न पोटात त्या थायरॉइडच्या गोळीला धरून बसतात, अंगी लागू देत नाहीत. त्यात प्रोटीनच्या दुधाची भर. ती गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, एकटी घ्यायची असते. नाश्त्याच्या बरंच आधी. कॅल्शियम, आयर्न तर चारेक तास लांब. हे कोणी सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. पाच वर्षांपूर्वी. तेव्हा ती गोळी एकटीच होती, म्हणून नियम पाळायचे कष्ट पडले नाहीत आणि म्हणूनच तो विसरला गेला.

"पण डॉक्टरबाई," सासूबाई पुढे सरकल्या, "तसं असतं तर रिपोर्टात आलं नसतं का?"

"चांगला प्रश्न विचारलात. तो कोणी विचारत नाही." डॉक्टरबाईंचा सूर पहिल्यांदा मऊ झाला. "ते बायोटिन आहे ना, गोड गोळ्यांतलं, ते थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांना चकवतं. रक्तात काही वेगळंच असतं आणि कागदावर काही वेगळंच उमटतं. हिचं बिघडलेलं असेल, कागदावर छान आलं. मी आत्ता शपथेवर सांगत नाही. बायोटिन बंद करा, थोडे दिवस जाऊ देत, मग पुन्हा रक्त द्या. आणि लॅबमध्ये सांगा, की घेत होते म्हणून."

"म्हणजे केसांसाठी घेतलेल्या गोळीनेच केस का जातात ते लपवलं?" ती हळूच म्हणाली.

"असं दिसतंय. सुरुवात कदाचित तापानेही झाली असेल. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, एकदम उतरवलेलं वजन, यानंतर केस गळतात, पण लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी. केस उशिरा बोलतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि ज्याचा संबंध नाही त्याच्यावर आळ घेतो."

"बघा, मी म्हणतच होते," सासूबाई म्हणाल्या, जरी त्या तसं काही म्हणत नव्हत्या. "पण ही रोजची गोळी तरी बंद करावी ना? गोळ्यांनी केस गळतात म्हणतात."

"काहींनी गळतात. खरं आहे. रक्त पातळ करणाऱ्या काही, बीपीच्या काही, मुरुमांच्या काही. हिच्या गोळीनेही सुरुवातीला थोडे दिवस गळू शकतात, पण ही पाच वर्षं घेतेय. आणि ताकदीच्या गोळ्यांचंही तसंच. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी केस जातात, सेलेनियम जास्त झालं तरी जातात. चार डब्यांत तेच असतं, चारही डबे माणूस एकत्र खातो आणि म्हणतो, मी औषध घेत नाही." त्या सुनेकडे वळल्या. "शंका आली तर डॉक्टरला विचारायचं. डॉक्टर गोळी बदलून देतो, मात्रा कमी करतो. स्वतःच्या मनाने बंद केलीत तर आज केस गळतायत, उद्या तुम्ही कामाच्या जागी बसल्या बसल्या झोपाल. परवा हृदयावर ताण येईल. कोणाच्या सांगण्यावरून बंद करणार होतात?"

तिच्या डोळ्यांपुढे रेडिओ आली, आई आली, शेजारी बसलेल्या सासूबाई आल्या. "सगळ्यांच्याच," ती म्हणाली.

"सगळ्यांनी दिलं, सगळ्यांनी सांगितलं. आणि मला मात्र तुम्ही 'काहीच नाही' म्हणालात." डॉक्टरबाई आता खरोखर वैतागल्या होत्या. "अहो, मी तुमचं डोकं बघते, पण डोक्यात शिरून बघू शकत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय मला कळणार कसं?"

परत जाताना दोघींना बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. मग सासूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "त्या पावडरीचा डबा उघडून अर्धा संपलाय, आता परत कोण घेणार?" थोड्या वेळाने, अजून खिडकीकडेच बघत, "मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल."

"मला माहीत आहे, आई."

"माहीत होतं तर सांगायचं ना, की नको."



नवा रिपोर्ट आला. हात खरा होता, जुना कागद खोटा होता! आता सकाळी उठल्यावर ती पांढरी गोळी एकटी, पाण्याबरोबर. आयर्नची गरज आहे का, तेही तपासलं. होती, पण ती गोळी दुपारी, कामावर. कॅल्शियम आणि दंडवाल्या माणसाचा डबा बंद. पहिले काही आठवडे काही घडलं नाही, केस गळतच राहिले, आणि ती रोज चिडून आरशाला विचारायची, "मग?" डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, की धीर धरा, केसांना घाई करता येत नाही. पण आधी स्वेटर उतरला. मग दुपारची झोप गेली. सुपरवायझरांनी तिला चाचणी म्हणून पुन्हा पाकिटांच्या टेबलावर बसवलं. आठवडा संपला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "उद्यापासून दोन नव्या मुली येतायत, त्यांना तुम्ही शिकवा." आणि एका सकाळी कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढी कोवळी लव उभी राहिलेली तिला दिसली, चुकार, कंगव्याला न जुमानणारी. छोटी म्हणाली, "आई, तुला गवत उगवलंय."

मग रविवारी नणंद आली. नेहमीप्रमाणे हातात पिशवी. पिशवीत नवी बाटली, आधीपेक्षा मोठी.

"वहिनी, केस येतायत की! मी म्हटलं नव्हतं? आता सोडायचं नाही. ही जास्त ताकदीची आहे."

खोलीत सगळे होते. नवरा खुर्चीचा सैल पाय आवळत होता, सासूबाई मटार सोलत होत्या. तिने हात पुढे केला नाही.

"ताई, नको," ती म्हणाली.

"अगं, घे. पैशाचं काय..."

"पैशाचं नाही. मी आता विचारल्याशिवाय काही घेत नाही. रागावू नका. माझ्या छोटीच्या वेळी तुम्ही रात्र रात्र बसलात, ते मी विसरले नाही. पण या गोळ्यांनी माझा रिपोर्ट चुकीचा आला, ताई. मी माझं खरं औषध बंद करणार होते."

नणंदेचा चेहरा उतरला. "म्हणजे मी तुझं वाईट केलं?"

"तू एकटीने नाही," मटार सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या. "मीही होते त्यात. माझा तर डबा केवढा होता. आणि ह्याच्या गोळ्या."

नवरा पान्हा हातात धरून म्हणाला, "मी दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, चालतं."

"दुकानदाराने हिला बघितलं होतं का?" सासूबाई म्हणाल्या. तो पुन्हा खुर्चीकडे वळला.

नणंदेने बाटली पिशवीत परत टाकली. चहा अर्धाच प्यायली आणि उठली. दारापर्यंत तिला पोचवायला गेलेल्या वहिनीला वाटलं, आता ही महिनाभर फोन करणार नाही. चपला घालताना नणंद वाकली, वाकूनच राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मीसुद्धा घेते त्या. वर्षभर. आणि माझी बीपीची गोळी आहे, आणखी एक कसली तरी झोपेची. सगळं सकाळीच. तुझ्या त्या डॉक्टरबाई माझं बघतील का?"

"मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "घरात जे जे आहे ते सगळं पिशवीत भरून घ्या. त्या ओरडतील. ओरडू देत."

मंडळी, गोष्ट केसांची आहे, आणि केसांपुरतीच असती तरी बरं झालं असतं. आपल्या प्रत्येक घरात अशी एक वाटी असते. त्यात एक गोष्ट गरजेची असते आणि बाकीची लोकांच्या मायेची, भीतीची, जाहिरातीची. ती पुढे करणारा हात प्रेमाचा असतो हे खरं, पण पोटाला प्रेम कळत नाही, त्याला फक्त गोळी कळते. तेव्हा डॉक्टरांनी "आणखी काय घेता?" विचारलं, तर लाज सोडून, आठवून आठवून, सगळं सांगावं: चूर्ण, पावडर, गोड गोळी, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा. चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणि दुसऱ्याच्या हातावर गोळी ठेवण्याआधी आपण क्षणभर थांबावं. तब्येतीची चौकशी करावी, सोबत जावं, दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसावं. ही माया कोणालाही बाधत नाही.

दार लावून ती आत आली. छोटी दाराआडून सगळं ऐकत उभी होती. आईने तिला कडेवर घेतलं.

"आई, आत्याने तुला त्या गोळ्या घ्यायला सांगितलं होतं?"

"हो."

"मग आत्याला कोणी सांगितलं?"

"तिच्या मैत्रिणीने."

"आणि मैत्रिणीला?"

"तिच्या कोणीतरी ओळखीच्यांनी, बहुतेक."

छोटीने विचार केला. तिचा एक हात आईच्या कपाळाच्या कडेला गेला, त्या कोवळ्या केसांवर.

"पण सगळ्यात पहिल्यांदा कोणी सांगितलं, आई?"